गव्हाने पचवले ते तणानेही पचवले: तणनाशक फवारूनही गुल्लीदंडा का उरतो?

फवारणीला तीन आठवडे झालेत. चाकवत वाळून गेला आहे, बाकीचे रुंद पानांचे तणही माना टाकून बसले आहे. पण गव्हाच्या ओळींमध्ये अगदी गव्हासारखेच दिसणारे एक गवत तरारून उभे आहे. कोणी म्हणते औषध बनावट होते, कोणी म्हणते मात्रा कमी पडली, कोणी थंडीला दोष देते. पंजाब-हरियाणाच्या बागायती गव्हात हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. त्या गवताचे नाव गुल्लीदंडा. हिंदी पट्ट्यात त्याला मंडूसी म्हणतात, आणि ‘गेहूँ का मामा’ असेही म्हणतात, कारण ओंबी बाहेर पडेपर्यंत तो गव्हाच्या घरातलाच वाटतो.

वरच्या तिघांचेही म्हणणे खरे असू शकते. पण चौथी एक शक्यता असते आणि तिचा विचार सगळ्यात शेवटी होतो: तणच बदललेले असू शकते. हे नीट समजायचे तर आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. गहू गवत, गुल्लीदंडाही गवत. मग एकाला मारणारे औषध दुसऱ्याला का मारत नाही? या प्रश्नाच्या उत्तरातच पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली आहे.

पाणी गव्हाला दिले, प्याले दोघेही

कोरडवाहू गव्हात तणाचा जोर बेताचा असतो, कारण वरच्या थरातली ओल लवकर उडते. बागायती गव्हात मात्र आपण पाण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर जमिनीच्या वरच्या थरात झोपलेल्या बियांना हाक मारतो. तणाची पहिली फळी गव्हाबरोबर उगवते. पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटायच्या वेळी, पहिले पाणी दिले की दुसरी फळी वर येते. भातानंतर गहू घेतला जातो तिथे जमीन आधीच दमट असते, आणि गुल्लीदंड्याला तेवढेच हवे असते.

यात वाणांचाही वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणसोना आणि सोनालिका यांसारखे बुटके गहू शेतात आले. त्यांनी देशाची कोठारे भरली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण जुना उंच गहू तणावर सावली धरायचा, बुटका गहू तेवढी धरू शकत नाही. त्यात भरपूर खत आणि पाणी मिळाले. तणाला उजेड, अन्न आणि ओल तिन्ही एकाच वेळी हाती आले.

तणे ढोबळमानाने दोन प्रकारची. चाकवत, रानमेथी, गाजरगवत ही रुंद पानांची. गुल्लीदंडा आणि रान ओट ही अरुंद पानांची, म्हणजे गव्हाच्याच कुळातली. पहिल्या प्रकारचे तण ओळखणे सोपे आणि मारणेही तुलनेने सोपे. खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकाराची, कारण तिथे शत्रू आणि आपला माणूस यांचा चेहरा सारखा आहे.

औषध गव्हाला ओळखते तरी कसे?

औषध कोणालाच ओळखत नाही. पिकाला सोडून तणाला मारणाऱ्या औषधाला निवडक तणनाशक म्हणतात, पण ही निवड औषध करत नाही. ती झाडाच्या अंगात असलेल्या किंवा नसलेल्या गोष्टींमुळे होते. ग्लायफोसेट अशी निवड होऊ देत नाही, गव्हालाही मारते, म्हणून उभ्या गव्हात त्याला जागाच नाही.

झाडाच्या पेशीत असंख्य छोटी यंत्रे अहोरात्र चालू असतात. एक यंत्र चरबीचे घटक बनवते, एक प्रथिनांचे कच्चे तुकडे जोडते, एक उजेडापासून शक्ती मिळवते. तणनाशक म्हणजे अशा एखाद्या यंत्राच्या कुलपात बरोबर बसणारी, पण फिरल्यावर अडकून पडणारी किल्ली. यंत्र ठप्प झाले की झाड उपासमारीने मरते. म्हणूनच बरीच तणनाशके आज मारली आणि उद्या तण मेले अशी चालत नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात.

आता गुल्लीदंड्यासारखे गवत मारणारे क्लोडिनाफॉप हे तणनाशक घ्या. हे चरबी बनवणाऱ्या यंत्राला अडकते. रुंद पानांच्या झाडांत त्या यंत्राची घडणच वेगळी असते, किल्ली बसत नाही, म्हणून चाकवतावर क्लोडिनाफॉप मारून काही होत नाही. पण गव्हाचे काय? गव्हाचे यंत्र गुल्लीदंड्यासारखेच आहे. किल्ली तिथे बसते. तरीही गहू जगतो, कारण किल्ली कुलपापर्यंत पोहोचायच्या आत तो तिचे तुकडे करतो. गव्हाच्या पेशीत अशी विकरे असतात जी औषधाचा रेणू तोडून निरुपद्रवी करतात. सोप्या शब्दांत, गहू औषध पचवतो. गुल्लीदंडाही पचवायला लागतो, पण त्याचा वेग कमी पडतो आणि तोवर यंत्र बंद पडलेले असते. गव्हाचे पचन आणखी जलद व्हावे म्हणून क्लोडिनाफॉपच्या पुडीत एक सोबतीचा घटक मिसळलेला असतो, त्याला सेफनर म्हणतात. तो तणाला मारत नाही, तो फक्त गव्हाची बाजू घेतो.

गुल्लीदंड्यावरच्या सल्फोसल्फ्युरॉन या दुसऱ्या औषधाचेही तसेच. कुलूप वेगळे, पण गहू वाचतो तो पचवूनच. जुन्या आयसोप्रोट्युरॉनचेही तेच होते.

पेरल्याबरोबर, उगवणीच्या आधी मारायच्या पेंडीमेथॅलिनची गोष्ट थोडी निराळी. ते जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरून बसते. गव्हाचा दाणा पाचेक सेंटीमीटर खाली, तणाचे बारीक बी त्या थरातच. गहू खालून जोमाने वर निघून जातो, तणाचा कोंब औषधातच जन्मतो. इथे खोली हेच गव्हाचे चिलखत. म्हणून बी उथळ पडले असेल तर तेच औषध गव्हालाही झटका देते.

पण उभ्या पिकातल्या औषधांपासून गव्हाची सुटका पचनावर टिकून आहे, ही एक गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवायची.

चार ग्रॅम आणि एक किलो

आयसोप्रोट्युरॉन हेक्टरी सुमारे एक किलो लागायचे. रुंद पानांच्या तणासाठी वापरले जाणारे मेटसल्फ्युरॉन मिथाइल हेक्टरी फक्त चार ग्रॅम लागते. हे आकडे सक्रिय घटकाचे आहेत, म्हणजे पुडीतल्या भुकटीपैकी खरे काम करणाऱ्या भागाचे. चार ग्रॅम दहा हजार चौरस मीटरवर पसरले तर एका चौरस मीटरच्या वाट्याला अर्धा मिलिग्रॅमही येत नाही. तरी तण मरते, कारण किल्ली कुलपात किती नेमकी बसते यावर सगळे आहे. ‘औषध जास्त म्हणजे काम जास्त’ हा हिशेब इथे चुकतो तो यामुळेच.

पुडीवरचे टक्के आणि सक्रिय घटक यांचा मेळ एकदा घालून पाहावा. क्लोडिनाफॉप हेक्टरी ६० ग्रॅम सक्रिय घटक लागतो. पुडीत तो १५ टक्के असेल तर पुडीतली भुकटी ४०० ग्रॅम, म्हणजे एकरी १६०. सल्फोसल्फ्युरॉन २५ ग्रॅम, भुकटी ७५ टक्क्यांची, तर एकरी साधारण साडेतेरा ग्रॅम. लेबलवर बऱ्याचदा मात्रा हेक्टरी दिलेली असते आणि आपल्या डोक्यात एकर असतो. या एका गोंधळात मात्रा अडीच पट होते किंवा अडीच पटीने घटते.

हरियाणात घडले ते

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन आले आणि गुल्लीदंड्यावर उपाय सापडला असे सगळ्यांना वाटले. ते स्वस्त होते, दोन्ही प्रकारच्या तणांवर चालायचे, आणि वापरायला इतके सोपे की अनेक जण ते वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फेकत. भात-गहू, भात-गहू असे एकच चक्र आणि त्यात दरवर्षी एकच औषध. दहा-पंधरा वर्षे हे चालले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी नोंदवले की गुल्लीदंडा आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासा झाला आहे. गहू आणि तण यांत तणच जास्त अशी शेते झाली. काहींनी ओंब्या भरायची वाट न पाहता उभे पीक हिरवा चारा म्हणून कापून टाकले. गहू पेरून चारा कापावा लागणे म्हणजे काय, हे शेती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. काही वर्षांतच बाधित क्षेत्र लाखो हेक्टरांवर गेले.

शास्त्रज्ञांनी आत डोकावून पाहिले तेव्हा जे दिसले ते मला या सगळ्या विषयातले सर्वात विलक्षण सत्य वाटते. निर्ढावलेला गुल्लीदंडा आयसोप्रोट्युरॉन पचवत होता. जी वाट गव्हाची, तीच वाट त्याने धरली होती. शेकडो पिढ्या गव्हासारखे दिसून निंदणाऱ्याच्या हातून सुटणारे तण आता आतूनही गव्हासारखे झाले होते.

१९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन यांच्या शिफारशी आल्या आणि शेते पुन्हा स्वच्छ झाली. साधारण दहा वर्षे. २००८ साली कर्नालच्या गहू संशोधन संस्थेतल्या छोकर आणि शर्मा यांनी तीन वेगवेगळ्या गटांतल्या औषधांना एकाच वेळी न जुमानणारा गुल्लीदंडा नोंदवला. जुने कुलूप, नवे कुलूप, त्याहून निराळे कुलूप, तिन्हींवरच्या किल्ल्या त्याच्यासमोर निकामी.

तणाला हे शिकवले कोणी?

कोणीच नाही. तणाने सराव करून प्रतिकार कमावला, असे होत नाही. लाखो झाडांत एखादे झाड जन्मतःच थोडे वेगळे असते. त्याच्या कुलपाचा खाच बदललेला असतो किंवा त्याचे पचन इतरांपेक्षा जलद असते. औषध नसेल तेव्हा त्या वेगळेपणाला काही किंमत नसते. औषध पडले की बाकीचे मरतात आणि ते एकटे उरते. फवारणी म्हणजे चाळण. आपण चाळत राहतो आणि वर उरलेले तेवढे पुन्हा पेरत राहतो.

हिशेबासाठी काही आकडे धरून चालू. एका शेतात गुल्लीदंड्याची दहा लाख झाडे आहेत आणि त्यात एकच औषध सोसणारे आहे. ते एक वाचते. त्याच्या बियांपैकी पुढच्या हंगामात शंभर झाडे उभी राहतात. त्या शंभरांची तिसऱ्या वर्षी दहा हजार होतात. दहा लाखांत दहा हजार म्हणजे शंभरात एक. शेतकरी बांधावरून पाहतो, ९९ टक्के तण मेलेले दिसते, तो समाधानाने घरी जातो. चौथ्या वर्षी मात्र शेत दहा लाखांनी भरून येते आणि तो म्हणतो, ‘गेल्या वर्षी औषध उत्तम होते, यंदाच बिघडले.’ प्रत्यक्षात जमिनीत जुन्या, मरणाऱ्या तणाचेही बी शिल्लक असते, त्यामुळे याला जास्त वर्षे लागतात. पण चढण अशीच असते: बराच काळ काही दिसत नाही आणि मग एकदम सगळे दिसते.

अशा सोसण्याला प्रतिकारक्षमता म्हणतात आणि तिचे दोन प्रकार शेतकऱ्याच्या दृष्टीने फार वेगळे आहेत. कुलूप बदलले असेल तर त्या कुलपाच्या किल्ल्या गेल्या, पण दुसऱ्या यंत्रावरचे औषध चालू शकते. पचन वाढले असेल तर मामला अवघड. औषधे तोडणारी ही विकरे एकाच रेणूवर समाधान मानत नाहीत. त्या शेतात कधीच न मारलेले औषधही ती तोडू शकतात.

“मग मात्रा दुप्पट करू”

हा विचार येणे स्वाभाविक आहे, पण त्यात दोन्हीकडून तोटा आहे. कुलूपच बदललेल्या तणावर बहुतेक वेळा दुप्पट किल्ल्यांचाही उपयोग नसतो. उलट गव्हाच्या पचनाला मर्यादा आहे. ती ओलांडली की गहू पिवळा पडतो, खुंटतो, फुटवे कमी निघतात.

कमी मात्रेचा धोका याहून मोठा आहे असे मला वाटते, कारण तो दिसत नाही. औषध कमी पडले की थोडेसे बरे पचन असलेली झाडेही वाचतात. ती आपसांत मिसळतात, पुढच्या पिढीत अर्ध्या-अर्ध्या गुणांची बेरीज होते. ऑस्ट्रेलियात राय गवतावर संशोधकांनी मुद्दाम कमी मात्रा देऊन पाहिले, तेव्हा काही पिढ्यांतच ते गवत पूर्ण मात्रा सोसू लागले. आयसोप्रोट्युरॉन वाळूत मिसळून फेकताना कुठे मूठभर, कुठे चिमूटभर पडत होते, हे इथे आठवावे.

“पण मी तर दरवर्षी औषध बदलतो”

पुडीवरचे नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नाही. एकच किल्ली वेगवेगळ्या जुडग्यांत अडकवून विकली जाते. ठळक अक्षरांतल्या व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत सक्रिय घटकाचे नाव असते, वाचायचे ते. आणि घटक वेगळा असला तरी कुलूप एकच असू शकते. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि नंतर आलेले पिनॉक्साडेन हे तिघे चरबीच्या एकाच यंत्राला अडकतात. सल्फोसल्फ्युरॉन, मेसोसल्फ्युरॉन, आयोडोसल्फ्युरॉन आणि मेटसल्फ्युरॉन हे सगळे प्रथिनांच्या एकाच यंत्राला. यंदा क्लोडिनाफॉप आणि पुढच्या वर्षी पिनॉक्साडेन ही फेरपालट नुसती कागदावरची. तयार मिश्रणातही हेच पाहावे: मेसोसल्फ्युरॉन आणि आयोडोसल्फ्युरॉन एका पुडीत आहेत म्हणून दोन बाजूंनी हल्ला होतो असे नाही. क्लोडिनाफॉप आणि मेट्रिब्युझिन यांच्या मिश्रणात मात्र खरोखर दोन वेगळी कुलपे आहेत. फक्त मेट्रिब्युझिन काही वाणांना सोसत नाही, तेव्हा आपला वाण लेबलवर तपासूनच.

पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत पेंडीमेथॅलिन किंवा पायरॉक्सासल्फोन आणि नंतर गरज असेल तिथे उभ्या पिकातले औषध, अशी जोडी अधिक शहाणपणाची. दोघांच्या वाटा वेगळ्या असतात आणि दुसऱ्या औषधाला तोंड द्यायला मुळात कमी झाडे उरतात.

औषध खोटे, फवारा चुकला की तण निर्ढावले?

शेतात फिरून बरेच कळते. सगळ्याच जातींचे तण सगळीकडे वाचले असेल तर औषध किंवा मात्रा यांवर संशय घ्यावा. जिवंत तणाचे लांब सरळ पट्टे दिसत असतील तर दोन फेऱ्यांमधली जागा सुटली आहे. मोठी झाडे वाचली आणि लहान मेली असतील तर फवारणीला उशीर झाला. पण एकाच जातीचे तण उरले, बाकीच्या जाती साफ झाल्या, आणि त्या एका जातीतही मेलेले झाड आणि टवटवीत झाड वीतभर अंतरावर शेजारी-शेजारी उभे असेल, तर ते प्रतिकारक्षमतेचे लक्षण. असे ठिगळ गेल्या वर्षीही त्याच जागी होते का, तेही आठवून पाहावे.

त्यासाठी गुल्लीदंडा कोवळेपणी ओळखता यायला हवा. गव्हाच्या पानाच्या बेचक्यात खोडाला मिठी मारणारे दोन छोटे केसाळ कान असतात, गुल्लीदंड्याला ते नसतात. त्याच्या खोडाचा तळ लालसर असतो. रान ओटालाही असे कान नसतात, आणि त्याचे पान गव्हाच्या उलट दिशेने पीळ घेते.

पंप, पाणी आणि वाफसा

प्रतिकारक्षमतेवर इतके बोलल्यावर हेही सांगायलाच हवे की बरीच फसलेली फवारणी साध्या हिशेबात फसलेली असते.

एकरी २०० लिटर पाणी आणि १५ लिटरचा पंप धरला तर एकराला तेरा-सव्वातेरा पंप लागतात. क्लोडिनाफॉपचे १६० ग्रॅम त्यात वाटले तर पंपाला १२ ग्रॅम. आता चालणारा माणूस झपझप चालला आणि आठ पंपांतच एकर उरकले, तर शेतात पडले ९६ ग्रॅम. मात्रा ६० टक्के. पुडीतले औषध अस्सल, मोजमाप अचूक, तरी तण अर्धमेले. म्हणून आधी साध्या पाण्याने एक गुंठा फवारून पाहावा, नेहमीच्या चालीने, नेहमीच्या दाबाने. जेवढे लिटर लागले त्याला चाळीसने गुणले की एकराचे पाणी कळते. गुंठ्याला पाच लिटर, तर एकराला दोनशे. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यावर सगळ्या हंगामाची फवारणी उभी असते.

नोझल पंख्यासारखा चपटा फवारा देणारे, म्हणजे फ्लॅट फॅन, हवे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल पानाच्या सगळ्या बाजू भिजवायला चांगले, पण जमिनीवर एकसारखा पट्टा टाकायला नाही. नोझल डावी-उजवीकडे हलवत चालायची सवय तर मोडायलाच हवी, त्यात मध्ये दुप्पट आणि कडेला निम्मे पडते.

वेळ पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांची, तण दोन ते चार पानांवर असताना. पहिले पाणी होऊन दुसरी फळी उगवलेली असते आणि पहिलीही अजून हाताबाहेर गेलेली नसते. शेतात पाय रुतणार नाही पण ओल असेल, असा वाफसा हवा. तहानलेले झाड औषध नीट आत घेत नाही आणि पुढे वाहूनही नेत नाही. कोरड्या जमिनीत केलेली फवारणी यामुळेच वाया जाते.

दोन औषधे एकाच पंपात

रुंद पानांसाठी २,४-डी आणि गवतासाठी क्लोडिनाफॉप, दोन्ही एकदम मारून एक फेरी वाचवावी असे वाटते. वाचवू नये. २,४-डी सोबत असले की क्लोडिनाफॉप आणि फेनॉक्साप्रॉप यांचे गवतावरचे काम मंदावते. वेगळे दिवस ठेवावेत, किंवा लेबलवर मंजूर असलेलेच मिश्रण घ्यावे. २,४-डीची वेळही नाजूक. फार लवकर मारले तर गव्हाची पाने कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात आणि ओंबी वेडीवाकडी निघते.

पुढच्या पिकाचे, शेजारच्या शेताचे आणि फवारणाऱ्याचे काय?

सल्फोसल्फ्युरॉन जमिनीत बराच काळ टिकते आणि गव्हानंतरच्या ज्वारी-मक्याला ते बाधू शकते. या गटातली औषधे आम्लधर्मी जमिनीत लवकर विरतात, चुनखडीच्या विम्ल जमिनीत रेंगाळतात. तेव्हा गव्हामागून काय पेरायचे हे ठरवूनच गव्हातले औषध निवडावे लागते.

२,४-डीचा धोका हवेतून जातो. कापूस, द्राक्ष आणि टोमॅटो यांना त्याचा अंशही सोसत नाही. वाऱ्यात फवारू नये, आणि त्याचा पंप शक्यतो वेगळाच ठेवावा. नुसता विसळून तोच पंप नंतर कापसावर वापरला तर पाने आखडतात आणि दोष भलत्याच औषधावर जातो.

खाणाऱ्यापर्यंत काय पोहोचते, हा प्रश्न रास्त आहे. गव्हातली फवारणी पीक महिन्याचे असताना, दाणा धरायच्या खूप आधी होते, आणि गहू औषध तोडत असतो हे आपण पाहिलेच. नोंदणीच्या वेळी अंश तपासले जातात, पण ती तपासणी शिफारशीच्या मात्रेची आणि वेळेची असते, उशिरा मारलेल्या दुप्पट मात्रेची नव्हे. सगळ्यात जवळून औषध अंगावर घेतो तो फवारणारा. हातमोजे, तोंडावर आवरण, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा याबाबत त्याच्याकडून तडजोड करून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

“नवे औषध येईलच की”

१९९८ साली आले होते, म्हणून ही आशा टिकून आहे. पण नवे औषध आणि नवे कुलूप यांत फरक आहे. १९८० च्या दशकानंतर जवळपास तीन दशके जगात एकही महत्त्वाचे नवे कुलूप बाजारात आले नाही. आज हातात आहेत ती औषधे संपत जाणारी ठेव आहे. शेजाऱ्याच्या शेतातले निर्ढावलेले बी कापणीच्या यंत्रातून माझ्या शेतात येते, त्यामुळे ती एकट्याची ठेवही नाही.

औषधाच्या आधीची कामे

हरियाणाने त्या संकटातून औषधाइतकीच दुसरीही एक गोष्ट उचलली: भात काढल्यावर नांगरट न करता थेट गव्हाची पेरणी. जमीन उलटली नाही की खालचे बी वर येत नाही, आणि गुल्लीदंड्याचे बारीक बी खोलातून उगवू शकत नाही. पेरणीही लवकर होते. ऑक्टोबरच्या अखेरीस जमीन अजून उबदार असते, गुल्लीदंड्याला थंडी हवी असते, तेवढ्यात गहू पुढे निघून जातो. भाताचा पेंढा न जाळता जमिनीवर राहू दिला तर तणाला उजेडही कमी मिळतो.

दोन ओळींतले अंतर कमी ठेवले तर गहू जमीन लवकर झाकतो. पेरणीआधी पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि मोडून टाकावे, हेही जुने आणि खरे काम. पण सगळ्यात परिणामकारक म्हणजे चक्र तोडणे. एखाद्या रब्बीत गव्हाऐवजी बरसीम घेतले तर चाऱ्यासाठी पुन्हा-पुन्हा कापणी होते आणि गुल्लीदंड्याला बी धरायला सवडच मिळत नाही. ऊस किंवा मोहरी आली तर औषधेही वेगळी वापरता येतात. भात-गहू सलग घेतलेल्या शेतांपेक्षा पीक बदललेल्या शेतांत ही समस्या कमी आढळली, ती यामुळेच.

राहता राहिली खुरपणी. सगळ्या शेताची खुरपणी आता अनेकांना परवडत नाही, आणि कोवळा गुल्लीदंडा गव्हातून वेगळा काढणे कठीणही. पण फवारणीनंतर उरलेली झाडे मोजकी असतात आणि ओंबी बाहेर पडली की ती लपूही शकत नाहीत. याच झाडांत पुढच्या चार वर्षांचा हिशेब असतो. गुल्लीदंडा गव्हाच्या कापणीआधीच बी झाडतो, म्हणून दाणे हिरवे असतानाच पोते घेऊन शेतात उतरावे, झाड मुळासकट उपटावे, पोत्यात घालावे. बांधावर टाकू नये. शेतातून बाहेर न्यावे.